चेरोकी लिपीतलं शहाऐंशीवं अक्षर आणि त्याचा युनिकोड क्रमांक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक खुलासा. युनिकोड म्हणजे संगणकासाठी जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एकेक क्रमांक देणारी व्यवस्था. तिचे क्रमांक सोळाच्या पाढ्यात, म्हणजे हेक्समध्ये लिहितात आणि आधी 'यू+' लावतात. त्यात ० ते ९ नंतर ए, बी, सी, डी, ई, एफ अशी सहा अक्षरं येतात. या पानावर ती देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर टाइप करताना अक्षरं आणि अंक दोन्ही रोमनच वापरा, नाहीतर काहीच उमटणार नाही आणि तुम्ही मला शिव्या द्याल.

हे पान नेमकं कुठल्या अक्षराबद्दल आहे?

यू+१३एफ५. युनिकोडमधलं त्याचं अधिकृत नाव 'चेरोकी लेटर एमव्ही'. चेरोकी हे अमेरिकेतले मूळ रहिवासी. त्यांच्या लिपीत सुरुवातीला ८६ अक्षरं होती. त्यातलं हे एक वापरातून गळालं आणि ८५ उरली. १९९९ मध्ये ही लिपी युनिकोडमध्ये आली तीही त्या ८५ अक्षरांनिशी. गळालेल्याला २०१५ पर्यंत थांबावं लागलं. मला हे अक्षर आवडतं ते याचसाठी. एका अक्षराला क्रमांक मिळणं म्हणजे काय, कोण देतं, दिलेला परत घेता येतो का, हे सगळं त्याच्या मागे मागे गेलं की आपोआप कळत जातं.

'एमव्ही'? हा कसला उच्चार?

इथला 'व्ही' म्हणजे आपला 'व' नव्हे. चेरोकीत सहा स्वर आहेत: आ, ए, ई, ओ, ऊ आणि सहावा नाकातून काढलेला 'अँ'. रोमनमध्ये लिहिताना या सहाव्यासाठी 'व्ही' हे मोकळं पडलेलं अक्षर वापरायची पद्धत पडली. म्हणून 'एमव्ही' म्हणजे साधारण 'मँ'. इंग्रजी वाचणाऱ्यांना हे समजावताना बराच खटाटोप करावा लागतो. मराठी माणसाला कोकणातल्या एखाद्या गावात दोन दिवस राहिलं की पुरे.

चेरोकी लिपी म्हणजे रोमनच ना? त्यात डी, आर, टी दिसतात.

दिसतात, पण त्यांचे आवाज वेगळे आहेत. डीसारखं दिसणारं अक्षर 'आ' असं वाचायचं, आरसारखं 'ए', टीसारखं 'ई'. डब्ल्यूसारखं 'ला', एचसारखं 'मी', झेडसारखं 'नो', एमसारखं 'लू', आणि रोमन ए सारखं दिसतं ते 'गो'. रोमन येणाऱ्या माणसाची पहिल्या दिवशी अगदी फजिती होते.

याचं कारण लिपीच्या जन्मात आहे. सिक्वोया हा चांदीकाम करणारा चेरोकी माणूस. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. गोरे लोक कागदावर खुणा करतात आणि दूरचा माणूस त्या पाहून बोलणं ओळखतो, एवढं त्याने पाहिलं होतं. १८०९ च्या सुमाराला तो या कामाला लागला. आधी प्रत्येक शब्दाला एक चिन्ह असा प्रयत्न केला. चिन्हं इतकी वाढली की लक्षात ठेवणं अशक्य. मग त्याने भाषा कानाने सुटी करायला घेतली आणि आपलं बोलणं मोजक्याच आवाजांत बसतं हे त्याच्या ध्यानात आलं. १८२१ मध्ये त्याने आयोका या आपल्या छोट्या मुलीला सोबत घेऊन लिपी लोकांना दाखवली. एकाने लिहायचं, दुसऱ्याने लांबून येऊन वाचायचं. आधी लोकांना ही चेटूकविद्या वाटली, मग ते शिकायला बसले. १८२५ मध्ये चेरोकी राष्ट्राने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली. ज्याला कुठलीच लिपी वाचता येत नव्हती अशा एकट्या माणसाने अख्खी लिपी उभी केल्याची उदाहरणं जगात फार कमी आहेत.

त्याच्या हातची मूळ वळणं बरीच गोलाकार, लपेटदार होती. आज दिसतात ती छपाईसाठी ठरलेली रूपं, आणि रोमनशी साम्य ठळक झालं ते तिथेच.

मग रोमन डी चाच क्रमांक चेरोकी 'आ'ला का दिला नाही? तेवढीच जागा वाचली असती.

कारण युनिकोड क्रमांक देतं ते अक्षराला, त्याच्या आकाराला नाही. आपला शून्य आणि रोमन ओ शेजारी ठेवा. दोन्ही गोल आहेत म्हणून पावतीवर शंभराच्या जागी एकापुढे दोन ओ छापून चालेल का? रोमन डी म्हणजे यू+००४४, चेरोकी 'आ' म्हणजे यू+१३ए०. शोध घेताना, क्रम लावताना, पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, हा फरक लागतोच.

शहाऐंशीवं अक्षर गळालं कसं?

चेरोकीत 'म'ने सुरू होणारे शब्दच मुळात कमी आहेत आणि 'मँ' तर त्याहून विरळ. अशी अक्षरं हातच्या लिखाणात टिकू शकतात. खिळ्यांच्या छपाईत मात्र प्रत्येक अक्षरामागे खर्च असतो: ठसा कोरा, मातृका बनवा, खिळे पाडा, केसमध्ये खण ठेवा. क्वचित लागणारं अक्षर तिथून पहिलं बाहेर जातं. मराठीतही लृ आणि दीर्घ ॡ यांचं असंच झालं. तक्त्यात होते, मुलांनी घोकले, आणि आयुष्यात लिहायची वेळ कधी आलीच नाही.

छपाई कुठे झाली?

इथे थोडं थांबतो, कारण हा धागा थेट मुंबईपर्यंत येतो.

चेरोकी राष्ट्राची राजधानी तेव्हा आजच्या जॉर्जिया राज्यातल्या न्यू इकोटा इथे होती. खिळे पाडून आले ते बोस्टनहून. ते करवून घेण्यात सॅम्युएल वुस्टर या मिशनऱ्याचा मोठा वाटा होता आणि त्याला पाठवलं होतं बोस्टनच्या 'अमेरिकन बोर्ड' या मिशनरी संस्थेने. २१ फेब्रुवारी १८२८ रोजी 'चेरोकी फीनिक्स' हे वर्तमानपत्र निघालं. संपादक एलायस बूडिनो, स्वतः चेरोकी. पत्र दोन भाषांत, इंग्रजी आणि चेरोकी.

आता मुंबई. याच अमेरिकन बोर्डाने धाडलेले गॉर्डन हॉल आणि त्यांचे साथीदार १८१३ मध्ये मुंबईत पोचले होते. काही वर्षांतच त्यांचा छापखाना सुरू झाला आणि मराठी पुस्तकं छापू लागला. देवनागरीचे खिळे सुबक करण्याचं बरंच काम तिथे टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली झालं. पुढे निर्णयसागर काढणारे जावजी दादाजी लहानपणी याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला होते. म्हणजे एकाच संस्थेच्या खर्चाच्या वह्यांत एका पानावर चेरोकी खिळे आणि दुसऱ्यावर मराठी, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं ६ जानेवारी १८३२ ला. तेही दोन भाषांत, मराठी आणि इंग्रजी. बोस्टनच्या बोर्डाचा त्यात हात नव्हता, पण काळ एकच होता.

पुढचं मात्र सारखं नाही. १८३० मध्ये अमेरिकेने मूळ रहिवाशांना हुसकावण्याचा कायदा केला, १८३५ मध्ये जॉर्जियाच्या शिपायांनी तो छापखाना जप्त केला आणि १८३८-३९ मध्ये चेरोकींना शेकडो मैल पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमात हाकललं. वाटेत हजारो माणसं मेली. लिपी त्यांच्याबरोबर गेली. १८४४ मध्ये ताहलेक्वा इथे त्यांनी नवं वर्तमानपत्र सुरू केलं.

१९९९ च्या युनिकोडमध्ये हे अक्षर का घेतलं नाही?

कारण तेव्हा छापील तक्ता समोर ठेवला गेला आणि त्यात ८५ अक्षरं होती. युनिकोड ३.० मध्ये ती यू+१३ए० ते यू+१३एफ४ अशी ओळीने बसली. सिक्वोयाच्या काळातल्या लिखाणाचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र शहाऐंशीवं हवं होतं. जुना मजकूर जसाच्या तसा टाइप करायचा तर नाहीसं झालेलं अक्षरही लागतंच. लिपितज्ज्ञ मायकेल एव्हरसन आणि चेरोकी भाषेचे जाणकार डर्बिन फीलिंग यांनी मांडलेल्या प्रस्तावातून ते आलं. फीलिंग म्हणजे १९७५ च्या चेरोकी-इंग्रजी शब्दकोशामागचा माणूस. जून २०१५ मध्ये युनिकोड ८.० आलं आणि त्यात यू+१३एफ५ होतं.

खरं सांगायचं तर त्या प्रस्तावात हे अक्षर म्हणजे लिंबू-टिंबू. मोठी गोष्ट वेगळीच होती: अख्ख्या लिपीची लहान अक्षरं. ते पुढे येतंच आहे.

यू+१३एफ५ हा आकडा फाइलमध्ये कसा साठतो?

हाताने करून पाहू, कागद घ्या. १३एफ५ म्हणजे आपल्या दशमान मोजणीत ५१०९. वेबपानावर अक्षर आकड्याने लिहायचं झालं तर हाच आकडा वापरतात.

दोनच्या पाढ्यात तो होतो ०००१ ००११ ११११ ०१०१. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे हे क्रमांक आठ-आठ बिटांच्या बाइटांत साठवायच्या रूढ पद्धतीत, या आकाराच्या क्रमांकाला तीन बाइट लागतात, म्हणून या सोळा बिटांचे ४, ६, ६ असे तुकडे करायचे: ०००१, ००११११, ११०१०१. पहिल्याच्या आधी १११० लावायचं, उरलेल्या दोघांच्या आधी १०. तयार झालं: १११०००१ नव्हे, नीट मोजा, १११००००१, मग १०००११११, मग १०११०१०१. हेक्समध्ये ई१ ८एफ बी५. एवढंच. (शून्य मोजताना मीही दरवेळी एकदा चुकतो.)

आपला क, म्हणजे यू+०९१५, याच रीतीने ई० ए४ ९५ होतो. म्हणजे देवनागरी आणि चेरोकी दोन्हीचा दर सारखाच, अक्षरामागे तीन बाइट.

दर सारखा म्हणजे मजकुराचा आकारही सारखा?

नाही, आणि इथे चेरोकी आपल्याला हरवते. आपल्याकडे 'कि' म्हणजे दोन क्रमांक: क आणि वेलांटी. सहा बाइट. 'क्ष्मी'सारखं काही आलं की क, हलन्त, ष, हलन्त, म, वेलांटी, असे सहा क्रमांक रांगेत उभे. चेरोकीत प्रत्येक पूर्ण अवयवाला, म्हणजे 'गी', 'ला' अशा एका दमात उच्चारायच्या तुकड्याला, स्वतःचं चिन्ह आहे. 'गी' हे एकच अक्षर, यू+१३ए९. त्याचा 'ग'च्या अक्षराशी दिसण्यात काही संबंध नाही. मात्रा नाहीत, जोडाक्षरं नाहीत, वेलांटी चुकून पुढच्या अक्षरावर बसण्याची भानगड नाही. नुसतं व्यंजन दाखवणारं एकच चिन्ह आहे, 'स'साठी, यू+१३सीडी.

चेरोकी स्वतःच्या भाषेला साधारण 'त्सालागी' म्हणतात. तीन अक्षरं: यू+१३ई३, यू+१३बी३, यू+१३ए९. नऊ बाइट. देवनागरीत 'त्सालागी' लिहायला आठ क्रमांक लागतात, म्हणजे चोवीस बाइट.

आणखी एक सुख. मराठीत 'दऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी साठवला जातो: नुक्त्याचा ऱ अधिक हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. एकाने शोधलेला 'दऱ्या' दुसऱ्याच्या फाइलमध्ये सापडत नाही. चेरोकीला हा ताप नाही. एक अवयव, एक क्रमांक.

लहान अक्षरांची ती मोठी गोष्ट काय आहे?

एकोणिसाव्या शतकातल्या चेरोकी छपाईत काही ठिकाणी वाक्याच्या किंवा नावाच्या सुरुवातीला तेच अक्षर मोठ्या मापात घेतलेलं दिसतं. आकार तोच, फक्त उंची जास्त. पुढे टंकलेखन यंत्राच्या जमान्यात हा भेद मागे पडला आणि १९९९ मध्ये युनिकोडने लिपीला 'लहान-मोठं नसलेली', म्हणजे आपल्या देवनागरीसारखी, मानलं. नंतर लोकांनी हा भेद परत मागितला. २०१५ मध्ये तो मिळाला.

प्रश्न असा पडला की जुनी ८५ अक्षरं, जी सोळा वर्षं लोक वापरत होते, ती आता लहान समजायची की मोठी? फॉन्टमध्ये ती कॅपिटलच्या उंचीची काढलेली होती. म्हणून ती मोठी ठरली आणि नवी लहान अक्षरं वेगळ्या जागी आली. आता गंमत बघा. जुन्या रांगेला लागून जागा होती फक्त थोडीशी. तिथे सहा लहान अक्षरं बसली, यू+१३एफ८ ते यू+१३एफडी. आपल्या 'मँ'चं लहान रूप यू+१३एफडी. बाकीची ८० गेली लांब, यू+एबी७० ते यू+एबीबीएफ या नव्या पट्ट्यात. एकत्र कुटुंब वाढलं आणि काहींनी गल्लीच्या टोकाला फ्लॅट घेतला, तसं. मोठी ८६ आणि लहान ८६, एकूण १७२.

यात विचित्र काय आहे?

'केस-फोल्डिंग'. शोध घेताना लहान-मोठं सारखं मानायचं असेल तर संगणक दोन्ही शब्द आधी एकाच रूपात दुमडतो आणि मग ताडून पाहतो. रोमन, ग्रीक, रशियन अशा लिप्यांत हे दुमडणं लहान अक्षरांकडे होतं. चेरोकीत ते उलटं, मोठ्यांकडे होतं.

हे कुणाच्या लहरीने झालेलं नाही. युनिकोडने जगाला एक वचन दिलेलं आहे: एकदा दुमडलेला मजकूर पुढच्या प्रत्येक आवृत्तीतही तसाच दुमडलेला राहील. २०१५ च्या आधी चेरोकी अक्षरं दुमडली तर स्वतःच राहत होती, कारण लहान रूप नव्हतंच. कुणाच्या तरी डेटाबेसमध्ये ती तशी साठलेली असणार. आता अचानक ती लहान अक्षरांकडे दुमडायला लावली असती तर जुन्या साठ्यातली नोंद नव्या शोधात सापडली नसती. म्हणून नव्यांनी जुन्यांकडे वळायचं, असं ठरलं. घरात नवी सून आली म्हणून देव्हारा हलवत नाहीत, त्यातला प्रकार. (सुनांनी रागावू नये, उपमा माझी आहे, युनिकोडची नाही.)

जॉर्जियन लिपीला २०१८ मध्ये नेमकी उलटी भर पडली. तिथे जुनी अक्षरं लहान ठरली आणि नवी आली ती मोठी. त्यामुळे तिथे दुमडणं नेहमीच्या दिशेने राहिलं, काही अडचणच नाही.

प्रोग्राम लिहिणाऱ्याने यातून काय घ्यायचं?

'लहान करून तुलना करा' ही सवय सोडा. पायथनमध्ये 'लोअर' आणि 'केसफोल्ड' अशी दोन वेगळी कामं आहेत. बहुतेक जण पहिलं वापरतात, कारण इंग्रजीत दोन्हींचं उत्तर एकच येतं. चेरोकी 'आ'वर 'लोअर' चालवलं तर यू+१३ए० चं यू+एबी७० होतं. 'केसफोल्ड' चालवलं तर यू+एबी७० चं यू+१३ए० होतं. अगदी विरुद्ध दिशा. तुलनेसाठी 'केसफोल्ड' हेच बरोबर.

दुसरी सवय: 'लहान रूप हवं तर अमुक आकडा मिळवा'. रोमनमध्ये ३२ मिळवला की झालं. इथे पहिल्या ८० अक्षरांसाठी ३८८६४ मिळवावा लागतो आणि शेवटच्या सहांसाठी ८. असले आकडे स्वतःच्या कोडमध्ये लिहू नका. भाषेची तयार सोय वापरा, आणि ती युनिकोड ८ च्या पुढची आहे ना ते बघा. पायथनमध्ये हे ३.५ पासून आलं, जावामध्ये ९ पासून. त्याआधीच्या आवृत्त्यांच्या लेखी लहान चेरोकी अक्षरं अस्तित्वातच नाहीत.

माझ्याकडे नुसता चौकोन दिसतो.

फॉन्टमध्ये ते अक्षर नाही. २०१५ च्या आधीच्या चेरोकी फॉन्टमध्ये ८५ दिसतील आणि नेमकं हेच गायब असेल. नोटो सॅन्स चेरोकी घालून बघा. क्रमांक ठीक असेल तर मजकूर शाबूत आहे, फक्त दिसत नाही. चौकोन पाहून घाबरून परत टाइप करत बसू नका.

चेरोकीचे चांगले फॉन्ट कोणते?

रॉस मिल्स यांचा प्लँटाजेनेट चेरोकी हा जुना आणि देखणा. मॅकवर तो बऱ्याच आधीपासून आहे. विंडोजबरोबर नंतर 'गडूगी' नावाचा फॉन्ट आला. हे नाव मला फार आवडतं. चेरोकीत गडूगी म्हणजे गावाने एकत्र येऊन एकमेकांची कामं उरकणं. आपल्याकडे इर्जिक म्हणतात तेच. देवनागरीच्या एखाद्या फॉन्टला 'इर्जिक' नाव ठेवायला काय हरकत आहे?

टाइप कसं करतात?

आयफोनमध्ये २०१० पासून चेरोकीची सोय आहे आणि मॅकवर दोन कीबोर्ड मिळतात. एकात प्रत्येक कळीवर एकेक अक्षर बसवलेलं आहे, दुसऱ्यात रोमनमध्ये उच्चार टाइप केला की अक्षर उमटतं. मराठीत इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी कीबोर्डवाल्यांचं जे भांडण चालतं तेच तिथेही, फक्त माणसं कमी असल्याने आवाज कमी.

युनिकोडच्या आधी काय करायचे?

तेच जे आपण केलं. फॉन्टमध्ये रोमन अक्षराच्या जागी चेरोकी चित्र ठेवायचं आणि वेळ मारून न्यायची. फॉन्ट काढला की मजकुराचा कडबा. माझ्याकडे नव्वदच्या दशकातल्या मराठी फायली अशाच पडून आहेत. उघडल्या की कंस, डॉलर आणि उद्गारचिन्हांचा पाऊस. ज्या फॉन्टमध्ये त्या लिहिल्या तो आता कुणाकडे नाही, आणि रूपांतर करून देतो म्हणणाऱ्या एका दुकानदाराने प्रत्येक रफार पुढच्या अक्षरावर ढकलून दिला. चेरोकीत निदान रफार नाहीत.

डेटाबेस आणि एसएमएसमध्ये चालतं का?

चालतं. मायएसक्यूएलमधला जुना तीन बाइटांचा यूटीएफ-८ इमोजी पाहून कोलमडतो, पण चेरोकीला तीनच बाइट लागतात, त्यामुळे ती निभावते. तरी आज कुणी नवं काही उभारत असेल तर चार बाइटांचाच घ्या. एसएमएसमध्ये चेरोकीला मराठीसारखाच फटका: १६० ऐवजी ७० अक्षरांत एक संदेश. पण त्या ७० मध्ये ७० पूर्ण अवयव मावतात. आपल्या काना-मात्रांची जागा त्यांच्या खात्यात शिल्लक राहते.

रोमनसारखी दिसणारी अक्षरं वापरून फसवणूक होत नाही का?

होऊ शकते. रोमनसारखं दिसणारं एखादं चेरोकी अक्षर मध्येच घालून ओळखीच्या संकेतस्थळासारखा पत्ता बनवता येईल. म्हणून युनिकोडच्या सुरक्षेच्या शिफारशींत चेरोकी 'मर्यादित वापराच्या लिप्यां'त धरली जाते. डोमेन नावांच्या नियमांत आणखी एक गंमत आहे. नेहमी तिथे मोठी अक्षरं बाद आणि लहान चालतात. चेरोकीत मोठी चालतात आणि लहान बाद. कारण तेच उलटं दुमडणं. एका लिपीच्या एका निर्णयाची शेपटी कुठवर जाते पाहा.

चेरोकी अंकांचे क्रमांक कोणते?

नाहीत. सिक्वोयाने अंकांसाठीही चिन्हं केली होती, पण चेरोकी परिषदेने ती स्वीकारली नाहीत. लिखाणात सर्रास पाश्चात्त्य अंक वापरतात.

क्रम कुठला, सिक्वोयाचा की तक्त्याचा?

तक्त्याचा. आडव्या ओळीत आ, ए, ई, ओ, ऊ, अँ आणि उभ्या रांगेत व्यंजनं, अशी मांडणी छपाईच्या वेळी रूढ झाली. सिक्वोयाचा स्वतःचा क्रम पूर्ण वेगळा होता. 'मँ' उशिरा आल्यामुळे त्याला 'मू'च्या शेजारची हक्काची जागा मिळाली नाही, तो रांगेच्या शेवटी, 'यँ'च्या नंतर जाऊन बसला.

मग तो 'म'च्या रांगेत हलवता येणार नाही का?

कधीच नाही. एकदा दिलेला क्रमांक बदलत नाही, नावही बदलत नाही. यू+एफई१८ या एका कंसाच्या अधिकृत नावात 'ब्रॅकेट' या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग चुकलं आहे. सी आणि के यांची अदलाबदल झाली. चूक सगळ्यांना माहीत आहे, दुरुस्तीची टीप जोडलेली आहे, पण मूळ नाव तसंच आहे. शब्द कुठल्या क्रमाने लावायचे हे वेगळ्या तक्त्यातून ठरवता येतं, त्यामुळे 'मँ' कुठे बसला आहे याने व्यवहारात अडत नाही.

मराठीत असं कधी झालंय, अक्षर उशिरा आलं असं?

झालंय, आणि तुम्ही ते रोज वापरता. 'ॲ', 'ॲप'मधला. युनिकोडमध्ये देवनागरी पहिल्यापासून होती, पण हा ॲ नव्हता. होता तो 'ए'वर चंद्र दिलेला ऍ, हिंदीवाल्यांच्या वळणाचा. मराठी ॲ, यू+०९७२, आला २००८ मध्ये, युनिकोड ५.१ मध्ये. तोवर लोक अ टाइप करून त्यावर चंद्र चढवत. ते अजूनही जुन्या मजकुरात सापडतं, दिसायला तेच आणि आतून वेगळं. कधी 'ॲप' शोधून सापडलं नाही तर आधी यावर संशय घ्या.

चेरोकी बोलणारे आता किती? इतक्यांसाठी एवढा खटाटोप?

२०१९ च्या सुमाराला अस्खलित बोलणारे साधारण दोन हजारांच्या आसपास होते, बहुतेक वयस्कर. त्याच वर्षी तिन्ही चेरोकी जमातींच्या संयुक्त परिषदेने भाषेसाठी आणीबाणीच जाहीर केली. खटाटोप कशासाठी, हा प्रश्न सहसा ज्याची भाषा मोबाइलमध्ये आधीपासून आहे तोच विचारतो. ओक्लाहोमातल्या चेरोकी शाळेत मुलं याच लिपीत शिकतात, एकमेकांना याच लिपीत संदेश पाठवतात, आणि त्यासाठी त्यांना कुणाकडून फॉन्ट मागून आणावा लागत नाही. 'मँ' त्या संदेशांत बहुधा कधीच येत नसेल.